तिसऱ्या सायकलीचे ब्रेक

मी सायकल उलटी करून हँडल आणि सीटवर उभी केली, पुढचं चाक जोरात फिरवलं आणि डाव्या हाताचा ब्रेक दाबला. चाक कचकन थांबलं. मग मागचं चाक फिरवून उजवा दाबला, तर ते थांबलं.

“पद्मा, ह्यांचे ब्रेक उलटे आहेत की गं,” मी म्हणालो. पण पद्मा दुकानात आत कागदांवर सह्या करत होती. तिला काही ऐकू गेलं नाही.

आपल्याकडं उजवा ब्रेक पुढच्या चाकाचा आणि डावा मागच्या चाकाचा असतो. मिरजेत माझं सायकलचं दुकान आहे. दुकानासमोरच्या बोळात मी निम्म्या गल्लीला सायकल शिकवली आणि प्रत्येकाच्या डोक्यात एकच गोष्ट ठोकून बसवली. उतारावर पुढचा ब्रेक दाबायचा नाही, सायकलीवरून पालथे पडाल. उतारावर डावा हात. कुणी ‘थांब’ म्हटलं, की डावा हात. पद्मा तर सहा वर्षांची असल्यापासून हे ऐकत होती. झोपेत हाक मारली असती तरी तिचा डावाच हात मिटला असता.

ही अकरा वर्षांपूर्वीच्या जूनमधली गोष्ट आहे. पद्मजा माझी एकुलती एक मुलगी. इटलीत, बोलोन्याला तिची नोकरी. एके दिवशी फोनवर म्हणाली, “अण्णा, मी लग्न ठरवलंय. निनाद नाव आहे, पुण्याचा आहे, माझ्याच ऑफिसात असतो. पण तुम्ही हो म्हटल्याशिवाय करणार नाही.” बायकोचे गुडघे गेलेले, तिला प्रवास झेपण्यासारखा नव्हता. ती मला म्हणाली, “तुम्ही जाऊन नीट बघून या. आणि तिथं जाऊन तोंड वाजवू नका.” तिथं पोचलो, तर पद्मानं बेत ठरवूनच ठेवला होता. तिघांनी भाड्याच्या सायकली घ्यायच्या आणि तीन दिवस डोंगरातल्या गावांमधून हिंडायचं.

“माणूस सायकलवर कळतो, असं तुम्हीच म्हणता ना अण्णा? मग बघा सायकलवर,” ती म्हणाली.

तर त्या भाड्याच्या दुकानात मी ब्रेक बघत होतो. सिल्वानो नावाचा म्हातारा मालक. त्याला माझी भाषा येईना, मला त्याची. मी दोन्ही हातांनी खूण करून दाखवली, आणि त्याला लगेच कळलं. हसत हसत त्यानं पाना आणि पक्कड आणून दिली. मी माझ्या सायकलीच्या तारा सोडल्या, अदलाबदल करून पुन्हा आवळल्या. मग पद्माची करडी सायकल घेतली आणि तिचेही ब्रेक आपल्यासारखे करून टाकले. तिसरी सायकल लाल होती, निनादची. ती उलटी करायला मी हात घातला, तेवढ्यात तो बाहेर आला.

“काका, तिला हात नका लावू हं. मी काल येऊन सगळं सेट करून घेतलंय. सीट, हँडल, सगळं. ह्या सायकली तुमच्या वेळच्या सायकलींपेक्षा जरा वेगळ्या असतात.”

बोलला नम्रपणे, ते नाकारत नाही. पण बोलला सिल्वानोसमोर. मला मिरची झोंबली. मी पाना खाली ठेवला आणि म्हणालो, “बरं.”

ब्रेक उलटे आहेत, एवढं सांगायला कितीसा वेळ लागतो? पण नाही सांगितलं. माझा स्वभाव तिरसट, हे मिरजेत कुणालाही विचारा. गिऱ्हाइकानं ‘जरा लवकर’ म्हटलं की मी त्याची सायकल मुद्दाम मागं ठेवतो. शिवाय खरा राग आदल्या रात्रीचा होता. जेवताना हा पोरगा सहज बोलून गेला होता, “काका, आम्ही इथंच घर बघतोय. परत यायचा विचार नाही सध्या.” मुलगी परत येणार नाही हे मला परक्याच्या तोंडून कळलं. पद्मा मान खाली घालून ताटात बघत बसली होती.

त्यानं मरावं असं माझ्या मनात नव्हतं. कुणाला पटो न पटो. त्यानं एकदा सपशेल तोंडावर पडावं, गुडघे फोडून घ्यावेत, ते पद्मानं बघावं, आणि मग मी विचारावं, “काय निनादराव, आमच्या वेळच्या सायकली बऱ्या का?” एवढंच मला हवं होतं. आम्ही जैन. माझी आई पाणी गाळून प्यायची, मुंगी चुकवून चालायची, आणि तिच्या पोटचा मी हे मनात घेऊन सायकलीवर बसलो.

पद्मा बाहेर आली. “अण्णा, सगळं बघितलंत ना?” तिनं विचारलं.

“बघितलं,” मी म्हणालो.

पहिल्या दिवशी रस्ता सोपा होता. गव्हाची कापलेली शेतं, सूर्यफुलं, टेकडीच्या डोक्यावर एखादं दगडी गाव. चढ आला की घाम, उतार आला की वारा. बघणाऱ्याला वाटावं, सुख म्हणतात ते हेच. मी सगळ्यात मागं राहिलो होतो. म्हटलं, म्हातारा माणूस आहे, तुम्ही व्हा पुढं. खरं म्हणजे मला त्याचे हात बघायचे होते. प्रत्येक उताराला माझी नजर त्याच्या डाव्या हातावर. तो दोन्ही ब्रेक एकदम आणि हळूच दाबायचा, म्हणून निभावत होतं.

दुपारी एका शेताच्या फाटकातून कुत्रं भुंकत अंगावर आलं. निनाद दचकला. त्याचं मागचं चाक वीतभर वर उचललं गेलं आणि पुन्हा खाली आदळलं. तो पाय टेकून कसाबसा उभा राहिला. चेहरा पांढराफटक पडला होता.

“काका,” तो हसायचा प्रयत्न करत म्हणाला, “ह्या सायकलीचे ब्रेक फार कडक आहेत हो.”

आता सांगायचं होतं. याच्याहून चांगली वेळ कुठली? पद्माही दोन पावलांवर थांबली होती.

“नवी सायकल आहे,” मी म्हणालो. “असायचेच.”

ते खोटं होतं, आणि ते सायकलीबद्दल होतं. उभ्या जन्मात मी सायकलीबद्दल खोटं बोललो नव्हतो. ते बोलल्यावर सांगणं आणखी अवघड झालं, कारण आता सांगायचं म्हणजे आधी का नाही सांगितलं तेही सांगावं लागणार.

संध्याकाळी एका शेतकरीणबाईच्या घरी मुक्काम होता. मी खोलीत पाय शेकत बसलो होतो, तेव्हा खालून निनादचा आवाज आला. तो बाईला तिच्या भाषेत काहीतरी पुन्हा पुन्हा समजावत होता. मी खिडकीतून डोकावलो. तो बोटांवर मोजून एकेक वस्तू सांगत होता आणि बाई कपाळाला हात लावत होती.

“काय चाललंय त्याचं?” मी पद्माला विचारलं.

“तुमच्या जेवणाचं. कांदा नको, लसूण नको, बटाटा नको, अंडं नको. बाई विचारतेय, मग हा माणूस जगतो कशावर?” पद्मा हसली. “आणि सूर्य मावळायच्या आत वाढा म्हणून सांगतोय. मी म्हटलं, जूनमध्ये इथं नऊपर्यंत उजेड असतो, घाई नको. तर म्हणाला, काकांना सवय आहे, लवकरच वाढू दे.”

त्या बाईनं वालाच्या शेंगांसारखं काहीतरी उकडून, ऑलिव्हचं तेल घालून दिलं. सोबत पाव. पोरगं समोर बसून तेच खात होतं, मांसाच्या ताटाकडं त्यानं बघितलंही नाही. त्याला नावं ठेवायला मला काहीतरी हवं होतं आणि ते सापडत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मला स्वतःचीच भीती वाटायला लागली. रस्ता वळणावळणाचा झाला होता. प्रत्येक वळणाला निनाद दिसेनासा व्हायचा आणि मी जोरात पेडल मारायचो. वळण घेऊन मी पुढं गेलो की तो धडधाकट दिसायचा, आणि मला हायसं वाटायचं. पण खोटं कशाला बोलू, त्या हायसं वाटण्यात थोडी निराशाही असायची. एका वळणावर खांबाला सुकलेली फुलं बांधलेली होती. वर एका तरण्या पोराचा फोटो, काचेत बसवलेला. पोरगा सायकलवालाच होता, डोक्यावर हेल्मेट. पद्मानं तिथं थांबून हात जोडले. मला तिथं उभं राहवेना, मी पाणी प्यायचं निमित्त करून पुढं गेलो.

दुपारी एका झाडाखाली निनाद जरा आडवा झाला, तेव्हा पद्मा माझ्याजवळ येऊन बसली.

“अण्णा, सांगा की. कसा वाटला?”

“बरा आहे.”

“बरा म्हणजे?”

“बरा म्हणजे बरा. चांगला आहे.”

तिनं माझ्या हातावर हात ठेवला. “घराचं मी तुम्हाला आधी सांगायला पाहिजे होतं. मला धीर झाला नाही. त्याच्यावर राग धरू नका, त्याला वाटलं मी तुम्हाला सांगितलंय.”

“मी कशाला राग धरू?” मी म्हणालो.

त्याच क्षणी ठरवलं, आता सांगून टाकायचं. नुसतं सांगायचं नाही, स्वतःच्या हातानं तारा बदलून द्यायच्या. पण निनाद उठला, पाण्याची बाटली माझ्यापुढं धरली, म्हणाला, “काका, तुम्ही ह्या वयात असे चढ चढता, कमाल आहे तुमची.” ह्या वयात म्हणे. माझ्या कपाळाला आठी पडली आणि पुन्हा माझं तोंड मिटलं. असा मी. रात्री अंथरुणावर मी सरळ हिशोब केला, उद्या दुपारपर्यंत खिंड चढायची आहे, चढावर ब्रेक लागतोच कशाला? माथ्यावर पोचलो की उतरायच्या आधी सांगू. त्या विचारानं मला चक्क गाढ झोप लागली.

तिसऱ्या दिवशीचा चढ जीवघेणा होता. तीन तास आम्ही चढत होतो. पद्माच्या करड्या सायकलीची चेन गिअर बदलताना उडायला लागली. “वर गेल्यावर बघतो,” मी म्हणालो. पश्चिमेकडून ढग येत होते आणि दूरवर गडगडत होतं.

माथ्यावर एक लहान देऊळ होतं त्यांचं, आणि पाठीमागं पाण्याचा नळ. देवळाबाहेर बाकावर एक म्हातारी शेंगा सोलत बसली होती. तिनं पुढच्या उताराकडं बोट केलं आणि आम्हा तिघांकडं बघून दोनदा म्हणाली, “पियानो, पियानो.”

“काय म्हणते?” मी विचारलं.

“हळू जा म्हणते,” निनादनं सांगितलं. “उतार फार वाईट आहे म्हणे. रस्त्यावर खडी आहे.”

मी उतार बघितला. डांबर संपून पांढरा मातीचा रस्ता सुरू होत होता आणि तो थेट खाली पडल्यासारखा दिसत होता. माझ्या खिशात सिल्वानोचा पाना होता. दुकानात परत द्यायचा राहून गेला होता, का मीच ठेवून घेतला होता, आता सांगता येत नाही.

“बाटल्या द्या इकडं,” मी म्हणालो. “पाणी भरून आणतो. मग मला तुमच्या सायकलीचं जरा बघायचंय, निनाद.”

“बघा की, काका,” तो म्हणाला.

इतकं सोपं होतं ते. मी देवळामागं गेलो. बाटल्या भरल्या, तोंड धुतलं. शब्द जुळवत होतो. ‘निनाद, माझी चूक झाली’ असं म्हणायचं का, ‘अहो, आत्ताच माझ्या लक्षात आलं’ असं म्हणायचं? चूक झाली म्हणायला जीभ वळत नव्हती. दुसरं वाक्य मी तोंडातल्या तोंडात म्हणून बघितलं. चांगलं वाटलं. पुन्हा एकदा म्हणून बघितलं. ह्या सगळ्यात पाच मिनिटं गेली असतील. मोठ्यानं गडगडलं.

“अण्णा, आम्ही हळूहळू निघतो पुढं,” पलीकडून पद्मानं ओरडून सांगितलं. “पाऊस यायच्या आत खाली पोचू. तुम्ही या मागून.”

मी बाटल्या घेऊन धावत पुढं आलो. दोघं वीसेक पावलं उतरले होते. पुढं लाल सायकल होती आणि तिच्यावर पद्मा बसली होती. तिच्यामागं करड्या सायकलीवर निनाद.

मी काय करायला हवं होतं, याचा मी अकरा वर्षं विचार करतोय. काहीच करायला नको होतं. ती सावकाश चालली होती, पायानं थांबली असती, हळूच ब्रेक दाबून तिचं तिला कळलं असतं. पण मी बाप. बापाच्या आवाजात, सगळा जीव गोळा करून मी ओरडलो.

“पद्मा, थांब!”

ती थांबली. लहानपणापासून मी थांब म्हटलं की थांबायची तशीच, मागं वळून न बघता, क्षणाचाही विचार न करता. तिचा डावा हात मिटताना मी बघितला. पुढचं चाक जागेवर रुतलं, सायकल तिच्या अंगावरून पलटली आणि ती तोंडावर खडीत पडली.

निनादनं सायकल फेकली आणि तिच्याजवळ पोचला. त्यानं तिची मान हलू दिली नाही, स्वतःचा शर्ट काढून रक्त धरलं, एका हातानं फोन लावला, जागेचा पत्ता नीट सांगितला. मी बाटल्या हातात धरून उभा होतो. म्हातारी बाकावरून उठून आली, तिनं त्या बाटल्या माझ्या हातातून काढून घेतल्या.

“काका, माझीच चूक,” निनाद रडत होता. “तिची चेन उडत होती, म्हणून मीच म्हटलं, माझी सायकल घे. ती नको म्हणत होती. मीच आग्रह केला.”

पद्मा शुद्धीवर होती. जबडा एका बाजूला गेलेला, बोलता येत नव्हतं. ती माझ्याकडं बघत होती. मग तिनं डाव्या हाताची बोटं हवेत मिटली, उघडली. पुन्हा मिटली. मग उजव्या हाताची. सायकलवाल्याची पोर ती, अडीच दिवस करड्या सायकलीवर आपल्याकडच्यासारखे ब्रेक दाबलेली. तिला आणखी कुणी काही सांगायची गरज नव्हती. तिनं डोळे मिटून तोंड निनादकडं वळवलं.

दवाखान्यात तिचा जबडा तारांनी आवळून टाकला. दीड महिना बोलायचं नाही, असं डॉक्टरनं सांगितलं. ते ऐकून मला बरं वाटलं. बापाला असं वाटावं, यापरतं नीच काही नाही, पण मला बरं वाटलं.

सायकली परत द्यायला मी एकटाच गेलो. सिल्वानोनं वाकडी झालेली लाल सायकल उचलली, तिच्या ब्रेकच्या तारांवरून बोट फिरवलं. मग शेजारच्या दोन्ही सायकलींच्या तारा बघितल्या. माझ्यासमोर त्यानं दोन बोटं धरली, मग एक बोट धरलं, आणि भुवया उंचावून बघत राहिला. मला कळत नाही असं मी दाखवलं. त्यानं माझ्याकडून पाना घेतला आणि पुन्हा माझ्याकडं बघितलं नाही.

पद्मा निनादशी, नर्सशी कागदावर लिहून बोलायची. माझ्यासाठी तिनं एकदाही काही लिहिलं नाही. परत निघायच्या दिवशी मीच तिच्या उशाशी जाऊन म्हणालो, “लग्नाला माझा होकार आहे, पोरी. पोरगा सोन्यासारखा आहे.” तिनं मान हलवली. निनाद माझ्या पाया पडला, आणि त्या दिवसापासून काका सोडून मला अण्णा म्हणायला लागला.

पर्युषण संपलं की आमच्यात क्षमावाणीचा दिवस असतो. लहान मोठ्याची आणि मोठा लहानाची क्षमा मागतो. वर्षभरात जाणतेपणी, अजाणतेपणी मन दुखावलं असेल तर उत्तम क्षमा, असं म्हणायचं. समोरच्यानंही तेच म्हणायचं आणि विषय संपवायचा. त्या सप्टेंबरात पद्माचा जबडा सुटला होता. मी फोन लावला. तिचा आवाज जरा बोबडा येत होता. मी ठरलेलं सगळं भरभर म्हणून टाकलं.



“अण्णा,” मग ती म्हणाली, “माझी नका मागू. तुम्ही माझं काही केलं नव्हतं. निनादची मागा. मी त्याला काही सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. तुम्ही सांगा.” आणि तिनं फोन त्याच्याकडं दिला.

“बोला अण्णा,” तो म्हणाला.

“उत्तम क्षमा, निनाद,” मी म्हणालो.

तो मोकळेपणानं हसला. “अहो, तुम्ही कसली क्षमा मागताय माझी? मी मागायला पाहिजे तुमची. तुमच्या मुलीला माझ्या सायकलीवर बसवून पाडलं मी.” मग त्यानं विचारलं, “तुम्ही काय केलंय माझं, अण्णा?”

“काही नाही,” मी म्हणालो. “आमच्यात पद्धत आहे तशी.”

अकरा क्षमावाण्या झाल्या. दर वर्षी पद्मा न चुकता फोन लावते, माझ्याशी दोन शब्द बोलते, आणि फोन त्याच्याकडं देऊन शेजारी उभी राहते. तिचा श्वास मला ऐकू येतो. तो दर वर्षी हसून तेच विचारतो, आणि ती माझं उत्तर ऐकायला थांबलेली असते.